सेवापुस्तकातली चूक आणि जन्मतारखेचा दावा: अर्ज एक, भानगडी दोन

निवृत्ती दोन वर्षांवर आली की आस्थापना शाखेत निवृत्तिवेतनाच्या प्रकरणाची तयारी सुरू होते आणि सेवापुस्तकाचे पहिले पान कित्येक वर्षांनी कुणीतरी नीट वाचते. तिथली जन्मतारीख आपल्याला माहीत असलेल्या तारखेशी जुळत नाही, हे अनेकांच्या लक्षात येते ते तेव्हा. मग ‘जन्मतारीख दुरुस्त करून मिळणेबाबत’ असा विषय टाकून अर्ज जातो. या एका विषयाखाली दोन अगदी निराळ्या तक्रारी असतात. आपली तक्रार कोणती हे न ओळखता केलेला अर्ज बहुतेक वेळा फुकट जातो, आणि खऱ्या माणसाचा अर्ज असा फुकट गेलेला पाहून वाईट वाटते.

पहिली तक्रार लेखनिक चुकीची. नोकरीत लागताना दिलेल्या दाखल्यावर तारीख बरोबर आहे, पण ती सेवापुस्तकात उतरवताना कुणाचा तरी हात चुकला. दुसरी तक्रार दाखल्याबद्दलच असते. दाखला आणि सेवापुस्तक तंतोतंत जुळतात, पण मुळात दाखल्यावरची तारीखच खरी नाही, असे कर्मचाऱ्याचे म्हणणे असते.

समजा, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ३/११/१९६९ आहे आणि सेवापुस्तकात ‘अकरा मार्च एकोणीसशे एकोणसत्तर’ असे लिहिले आहे. दिवस आणि महिना यांची अदलाबदल झाली, बाकी काही नाही. ५८ वर्षांच्या हिशेबाने नोव्हेंबर २०२७ अखेर निवृत्त व्हायचा माणूस मार्च २०२७ अखेरच घरी जाईल, म्हणजे आठ महिन्यांचा पगार गेला. इथे नवा पुरावा शोधावा लागत नाही. जन्मतारीख अंकांत आणि अक्षरांत लिहायची, कोणता दाखला पाहून लिहिली ते नोंदवायचे, ही रीतच आहे. त्यामुळे ज्या दाखल्याचा आधार घेतला तो आणि झालेली नोंद शेजारी ठेवली की चूक उघडी पडते. अर्जात ‘माझी जन्मतारीख बदला’ असे लिहू नये. ‘नोंद आधारभूत दाखल्याशी जुळत नाही, ती दाखल्याप्रमाणे करावी’ एवढेच लिहावे आणि दोन्ही प्रती जोडाव्यात. जन्मतारीख बदलण्याची भाषा आली की फाईल दुसऱ्या, फार कठीण वाटेला लागते.

महाराष्ट्रात ही वाट महाराष्ट्र नागरी सेवा (सेवेच्या सर्वसाधारण शर्ती) नियम, १९८१ मधल्या नियम ३८ ने आखली आहे. एकदा झालेली नोंद बदलायची नाही, हे मूळ तत्त्व. अपवाद दोनच: नोंद कर्मचारी सोडून दुसऱ्या कुणाच्या निष्काळजीपणामुळे चुकली असेल, किंवा ती उघड लेखनिक चूक असेल. १६ ऑगस्ट १९८१ रोजी किंवा त्यानंतर सेवेत आलेल्यांचा अर्ज सेवेत आल्यापासून पाच वर्षांनंतर सर्वसाधारणपणे घेतला जात नाही. केंद्रात मूलभूत नियम ५६ खालच्या टिपेतही पाच वर्षेच आहेत. ही अट १९७९ मध्ये आली, आणि आधीपासून सेवेत असलेल्यांनीही तेव्हापासून पाच वर्षांत अर्ज करायला हवा होता, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये सांगितले. लेखनिक चुकीच्या अर्जालाही ही मुदत आडवी घातली जाऊ शकते, म्हणून चूक साधी आहे या भरवशावर थांबू नये.

आता दुसरी तक्रार. ती खोटी असते असे मी मुळीच म्हणणार नाही. आपल्याकडे १ जूनला जन्मलेल्या माणसांची गर्दी का आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. शाळा जूनमध्ये भरायची, आईवडिलांना तारीख सांगता यायची नाही, मग गुरुजींनी वय अंदाजाने धरून १ जून टाकली. मूल प्रत्यक्षात ऑगस्टमधले असेल किंवा पुढच्या वर्षातलेही असेल. नुकसान खरेच होते. महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला कर्मचारी आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, कारण कायद्याच्या हिशेबात वाढदिवसाच्या आदल्या दिवशीच वर्ष पूर्ण होते. १ जूनवाला ३१ मे रोजी बाहेर पडतो आणि २ जूनवाला ३० जूनला.

पण इथे नोंद करणाऱ्याने काहीच चुकवलेले नाही. त्याने दाखला पाहिला आणि तारीख उतरवली. वाद दाखल्याशी आहे, म्हणून दाखल्यापेक्षा जुना आणि जन्माच्या वेळीच तयार झालेला कागद लागतो: जन्म-मृत्यूच्या मूळ नोंदवहीचे पान, म्हणजे कोतवाल बुकाची नक्कल. इथेच पुष्कळ जण अडतात. जुन्या नोंदीत बाळाचे नाव नसते. बापाचे नाव, ‘मुलगा’ आणि तारीख एवढेच. हा मुलगा म्हणजे अर्जदारच, त्याचा थोरला भाऊ किंवा लहानपणी गेलेले भावंड नव्हे, हे सिद्ध करायला सगळ्या भावंडांच्या तारखा मांडाव्या लागतात. शेवटच्या वर्षात आदेश मिळवून केलेली उशिराची जन्मनोंद फारशी उपयोगी पडत नाही. तिच्याकडे संशयानेच पाहिले जाते. आधार कार्डाचा तर आधारच नको. ते ओळखीचा पुरावा आहे, जन्मतारखेचा नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये वय ठरवताना आधारपेक्षा शाळेच्या दाखल्याला वजन दिले.

आणखी एक अडचण आहे, तिचा विचार सहसा कुणी करत नाही. नवी तारीख खरी धरली तर दिलेल्या परीक्षेला किंवा नोकरीत लागताना वय कमी भरत होते का? कमी भरत असेल तर केंद्राच्या नियमाप्रमाणे दावा तिथेच संपतो. जुन्या तारखेने नोकरी घ्यायची आणि नव्या तारखेने निवृत्त व्हायचे, हे चालत नाही.

दोन्ही तक्रारी एकमेकींत कशा मिसळतात, हे तेव्हाचे सेनाप्रमुख जनरल व्ही. के. सिंग यांच्या प्रकरणात देशाने पाहिले. लष्कराच्या एका शाखेत त्यांची जन्मतारीख १० मे १९५१ होती, दुसरीत १० मे १९५०. शालान्त प्रमाणपत्र १९५१ सांगत होते. वरवर पाहता ही पहिल्या प्रकारची चूक वाटते, कारण एकाच यंत्रणेत दोन नोंदी होत्या. पण प्रवेशाच्या वेळी भरलेल्या अर्जात १९५० होते आणि पुढे त्यांनी ते पत्राने मान्यही केले होते. खरी तारीख कोणती हा प्रश्न आपल्यापुढे नाही, सेवा अभिलेखात सरकारने कोणती तारीख धरली एवढाच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. १० फेब्रुवारी २०१२ रोजी याचिका मागे घेतली गेली आणि ३१ मे २०१२ रोजी ते निवृत्त झाले. सेनाप्रमुखालाही ‘माझी खरी तारीख ही’ एवढे म्हणून भागले नाही.

ही कठोरता मला पटते, कारण एका माणसाची निवृत्ती पुढे गेली की खालच्या सगळ्यांची पदोन्नती अडते. तमिळनाडूतल्या एका प्रकरणाच्या १९९३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने याच साखळीकडे बोट दाखवले. खाली वाट पाहणाऱ्यांपैकी काहींची वेळ पुन्हा कधीच येत नाही.

अर्ज फेटाळला गेला तर राज्य शासनाच्या कर्मचाऱ्याने मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात जायचे. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांना ते दार नाही, त्यांना उच्च न्यायालय गाठावे लागते. दोन्हीकडे पहिली मागणी असते ती निकाल लागेपर्यंत नोकरीत राहू देण्याची. ती सहसा मिळत नाही. पुरावा सकृद्दर्शनीच निर्विवाद असल्याशिवाय असा अंतरिम आदेश देऊ नये, असे तमिळनाडूच्या त्याच निकालात म्हटले आहे. कर्मचारी जिंकला तर त्याला नंतर भरपाई देता येते, पण हरला तर खुर्चीत काढलेले दिवस परत घेता येत नाहीत. म्हणून प्रकरण चालू असले तरी नोंदीतल्या तारखेलाच कार्यभार सोपवावा लागतो.