पऱ्हाटीत (कापसात) कोणतं ट्रायकोकार्ड: चिलोनिस की बॅक्ट्री?

ट्रायकोकार्ड मागितलं की हाती काळ्या ठिपक्यांचा कागद येतो. ठिपके म्हणजे तांदळावरच्या कॉर्सायरा पतंगाची अंडी. आत परोपजीवी माशी वाढत असते. शेतात सोडली की ती किडीच्या अंड्यात आपलं अंडं घालते आणि ते मारते. ट्रायकोग्रामा चिलोनिस आणि ट्रायकोग्रामाटॉयडिया बॅक्ट्री या दोन्ही माश्या याच अंड्यांवर वाढवतात, त्यामुळे कार्डं हुबेहूब सारखी. माशी जेमतेम अर्धा मिलिमीटर. पंखावरच्या केसांच्या रांगा आणि नराच्या मिशा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या तरच फरक कळतो, म्हणून लेबलवरचं पूर्ण नाव वाचा.

नागपूर जिल्ह्यातल्या काटोल, नरखेड, सावनेरच्या पऱ्हाटीत आज खरी डोकेदुखी गुलाबी बोंडअळीची. बीटी वाणांना ती दाद देत नाही. हिरव्या बोंडअळीला मात्र बीटी अजून आवरते. हिरवीची मादी कोवळ्या पानांवर, शेंड्यावर उघड्यावर एकेक अंडं घालते आणि ते चिलोनिसला सहज सापडतं. गुलाबीची मादी बोंड धरल्यावर बुडाशी, हिरव्या पाकळ्यांच्या आड अंडी लपवते. तिथे बॅक्ट्री उपयोगाची. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या कापसासाठी ती ऑस्ट्रेलियातून नेली गेली, तीही याच अळीसाठी. तिचं नाव लव्हाळ्यावरच्या बॅक्ट्रा पतंगावरून पडलंय. कोबीवरच्या चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची अंडीही तिला चालतात.

चिलोनिसचा पसारा मोठा: भारतापासून चीन-जपानपर्यंत, उसाच्या खोडकिड्यापासून टोमॅटोवरच्या घाटेअळीपर्यंत. मौदा, रामटेककडच्या धानात पानं गुंडाळणाऱ्या अळीसाठी तीच सोडतात. धानाच्या पिवळ्या खोडकिड्याला मात्र तिसरी जात, जॅपोनिकम. घाटेअळीचं नाव ऐकून हरभऱ्यात चिलोनिस सोडाल तर पैसे पाण्यात. झाडावरच्या आंबेमुळे, म्हणजे आंबट स्रावामुळे, माशी तिथे टिकत नाही.

बॅक्ट्रीचं प्रमाण एकरी ६०,००० म्हणजे ३ कार्डं. पाते-फुलं लागताना कामगंध सापळ्यात (मादीच्या वासाने नर पतंग ओढणाऱ्या) पतंग दिसू लागले की सुरुवात करा. माशी फक्त अंडी मारते. डोमकळी (अळीमुळे न उमललेलं, गुलाबाच्या कळीसारखं फूल) दिसू लागली म्हणजे अळी आत शिरली, त्या पिढीपुरता उशीर झाला. कार्डाच्या पट्ट्या कापून संध्याकाळी, शेतभर विखरून, पानाच्या खालच्या बाजूला टाचा. वर टाचल्या तर ऊन-पाऊस लागतो. मुंग्या पट्टी साफ करतात, तेव्हा वारूळ असलेलं झाड टाळा. सोडण्याच्या आठवडाभर आधी आणि नंतर रासायनिक फवारणी नको, विशेषतः पायरेथ्रॉइड गटातल्या कीटकनाशकांची.

घेताना ठिपके काळेभोर आहेत का बघा. बरेच पांढुरके असतील तर माशीने ती अंडी घेतलेलीच नाहीत. लगेच सोडायचं नसेल तर कार्ड फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नाही. माशा बाहेर पडून गेलेल्या अंड्यांना बारीक गोल छिद्रं दिसतात. तसं कार्ड घेऊ नका.