मसावि काढायचा की लसावि?

सहावी-सातवीच्या वर्गात फळ्यावर शाब्दिक उदाहरण आलं की एक प्रश्न हमखास येतो: ‘बाई, मसावि काढायचा की लसावि?’ विचारणाऱ्या मुलाला दोन्ही येतात. 12 आणि 18 यांचा मसावि (दोन्हींना निःशेष भागणारी मोठ्यात मोठी संख्या) 6 आणि लसावि (दोन्हींच्या पटीत येणारी लहानात लहान संख्या) 36, हे तो मिनिटभरात काढून दाखवेल. पण 12 मीटर आणि 18 मीटर लांबीच्या दोन दोऱ्यांचे, काही न उरता, सारख्या लांबीचे मोठ्यात मोठे तुकडे करायचे असतील तर? किंवा 12 आणि 18 मिनिटांनी वाजणाऱ्या दोन घंटा आत्ता एकदम वाजल्या, तर पुन्हा एकदम कधी वाजतील? इथे तो अडतो. रीत पाठ आहे, ती कुठे लावायची हे कळत नाही.

याचं कारण बहुतेक वेळा मुलाच्या बुद्धीत नसतं, सरावाच्या मांडणीत असतं. प्रकरण मसाविचं, त्याखालचा सरावसंच मसाविचा, गृहपाठही मसाविचाच. कोणती रीत वापरायची हे मथळ्यानेच सांगून टाकलेलं असतं. पहिली दोन गणितं सुटली की मूल पुढची नीट वाचतही नाही. आकडे उचलतं आणि रीतीत भरतं. वही बरोबरच्या खुणांनी भरते, शिक्षक आणि पालक निश्चिंत होतात. घटक चाचणीही त्याच प्रकरणावर असल्यामुळे उणीव तिथेही झाकलेली राहते. ती उघडी पडते वार्षिक परीक्षेत किंवा शिष्यवृत्तीच्या पेपरात, जिथे सगळे प्रकार एकत्र येतात आणि वर मथळा नसतो.

गणितं तीच ठेवली आणि फक्त त्यांचा क्रम बदलला तर? अमेरिकेतील साउथ फ्लोरिडा विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ डग रोहरर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे थेट शाळेत तपासलं. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात सातवीचे 54 वर्ग होते. यादृच्छिक निवडीने काही वर्गांना एका वेळी एकाच प्रकारची गणितं देण्यात आली, तर काहींना वेगवेगळ्या प्रकारांची मिसळून. हे सुमारे चार महिने चाललं. मग दोन्ही गटांकडून एकसारखी मिश्र उजळणी करून घेतली आणि महिनाभराने, आगाऊ न सांगता, चाचणी घेतली. एकाच प्रकारचा सराव केलेल्यांना सरासरी 38 टक्के गुण मिळाले, मिश्र सराव केलेल्यांना 61 टक्के. ना नवं पुस्तक, ना संगणक, ना जादा तास. शालेय शिक्षणातल्या प्रयोगांत इतका मोठा फरक क्वचितच दिसतो.

याच संशोधकांचा 2015 मधला एक लहान प्रयोग मला त्याहून बोलका वाटतो. तिथे उजळणीनंतर काही मुलांची दुसऱ्याच दिवशी चाचणी घेतली, काहींची 30 दिवसांनी. दुसऱ्या दिवशी मिश्र सराववाल्यांना 80 आणि एकाच प्रकारचा सराव केलेल्यांना 64 टक्के गुण होते. महिन्यानंतर हेच आकडे 74 आणि 42 झाले. म्हणजे ‘शिकवलेलं सगळं विसरतात हो!’ ही शिक्षकांची व्यथा खरी आहे, पण विसरण्याचा वेग सरावाच्या रचनेवरही ठरतो.

कारणं दोन आहेत. एक, मिश्र संचात एकाच प्रकारची गणितं आपोआप काही दिवसांच्या अंतराने येतात आणि अंतर ठेवून आठवलेलं जास्त टिकतं. दुसरं मला अधिक महत्त्वाचं वाटतं. प्रत्येक गणितापाशी ‘हे कशाचं आहे?’ हा निर्णय मुलाला स्वतः घ्यावा लागतो. 5 किलो कांद्यांची किंमत दिली आणि 8 किलोंची विचारली, तर समप्रमाण. 6 मजुरांना एका कामाला 8 दिवस लागतात, मग 12 मजुरांना किती, तर व्यस्तप्रमाण. आणि एक शर्ट दोरीवर वाळायला 2 तास लागतात, तर शेजारी टांगलेले 5 शर्ट वाळायला किती? प्रमाणाच्या प्रकरणात हा प्रश्न घातला तर कितीतरी मुलं 10 तास लिहितील. तिन्ही उदाहरणं शेजारी ठेवली की मूल आकड्यांआधी परिस्थितीकडे पाहू लागतं, आणि गणित तिथून सुरू होतं.

नवी संकल्पना शिकवल्या दिवशी मात्र एकाच प्रकारची चार-पाच गणितं हवीतच. हात बसायला तेवढा सराव लागतो. आणि मसावि म्हणजे काय हेच कळलं नसेल तर क्रम बदलून काही साधणार नाही. पण त्यानंतरच्या गृहपाठात आजच्या प्रकरणाची तीन आणि मागच्या वेगवेगळ्या प्रकरणांतली पाच गणितं देणं कोणत्याही शिक्षकाला उद्यापासून जमेल. शाळेने पालकांना आधीच सांगून ठेवावं, की सुरुवातीला चुका वाढतील, मुलं अडखळतील, ‘काही येत नाही’ असंही म्हणतील. मिश्र संचाला वेळही जास्त लागतो. म्हणून गणितांची संख्या कमी करावी, सराव गुंडाळू नये.

बालभारतीच्या आठवीच्या पुस्तकात संकीर्ण प्रश्नसंग्रह आहेत, पण ते विभाग संपल्यावर येतात. तसली पाच गणितं पाचवीपासून प्रत्येक सरावसंचाच्या शेवटी यायला हवीत, आणि त्यांच्यावर मथळा नको.