अमेरिकेत हॉस्पिटल केस मॅनेजर व्हायचंय? सीसीएम, एसीएम की एएनसीसी: कोणाला अर्ज करता येतो, कागदपत्रं काय लागतात

बेडसाइडला बारा-बारा तास उभं राहून कंबर गेली, आता केस मॅनेजमेंटला, म्हणजे पेशंटचा डिस्चार्ज, पुढची सोय आणि इन्शुरन्स बघायच्या कामाला जायचंय, तर कुठलं सर्टिफिकेट करू, हा प्रश्न इथल्या आपल्या नर्स मैत्रिणी मला सारख्या विचारतात. फोनवर दरवेळी अर्धवट सांगून होतं, म्हणून एकदा नीट लिहून ठेवते. मी सांगलीकडची, तिथे नर्सिंग केलं, इथे येऊन आधी वॉर्डला आणि आता बरीच वर्षं हॉस्पिटलमध्ये केस मॅनेजर आहे.

सगळ्यात आधी एक गैरसमज काढून टाका. सर्टिफिकेट घेऊन मग नोकरी, असा क्रम इथे नाहीये. आधी नोकरी लागते, मग त्या नोकरीतला अनुभव मोजला जातो आणि त्याच्यावर परीक्षेला बसता येतं. आरएन (रजिस्टर्ड नर्स) लायसन्स आणि वॉर्डचा चांगला अनुभव असला तर बरीच हॉस्पिटलं सर्टिफिकेट नसतानाही केस मॅनेजर म्हणून घेतात आणि नंतर करा म्हणतात. त्यामुळे कोणी सहा आठवड्यांचा कोर्स विकत असेल आणि शेवटी तुम्ही सर्टिफाइड केस मॅनेजर व्हाल म्हणत असेल, तर तो फार तर परीक्षेच्या तयारीचा क्लास आहे, एवढं ओळखा. पैसे भरायच्या आधी ओळखा.

आता मुळात शिकायचं कशाला, कारण काम तर नर्सला येतंच, असं मलाही वाटायचं. मला सहा आठवडे ट्रेनिंग दिलं, त्यात सॉफ्टवेअरमधलं कुठलं बटण कधी दाबायचं ते शिकवलं, का दाबायचं ते कोणी सांगितलं नाही. पहिल्याच वर्षी एक आजी आल्या, पडून कंबरेला मार लागलेला, फ्रॅक्चर नव्हतं पण उठून बाथरूमपर्यंत जाता येईना. तीन रात्री झाल्यावर मुलगा म्हणाला, तीन दिवस भरले, आता मेडिकेअरवर रिहॅबला पाठवा. (मेडिकेअर म्हणजे इथला मुख्यतः ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा.) मी चार्ट उघडला तर स्टेटस ऑब्झर्व्हेशन, म्हणजे कागदोपत्री ॲडमिट नाहीत, नुसत्या निरीक्षणाखाली ठेवलेल्या. मेडिकेअरला अशा रिहॅबचे, म्हणजे स्किल्ड नर्सिंग फॅसिलिटीचे पैसे द्यायला सलग तीन दिवस इनपेशंट, म्हणजे रीतसर ॲडमिशन लागते आणि ऑब्झर्व्हेशनचे दिवस त्यात धरतच नाहीत, मग आजी त्याच पलंगावर, त्याच वॉर्डात, त्याच नर्सच्या देखरेखीखाली झोपलेल्या असल्या तरी नाही. तशी नोटीस मेडिकेअरच्या पेशंटला द्यावीच लागते, मून म्हणतात तिला, 2017 च्या मार्चपासून सक्तीची आहे, ऑब्झर्व्हेशन 24 तासांच्या वर गेलं की 36 तासांच्या आत तोंडी समजावून सही घ्यायची. ती सही फाइलला होती. मीच घेतली होती. वाचून दाखवलं होतं, पण त्या ओळीचा त्या घरावर काय परिणाम होणार हे मलाच माहीत नव्हतं, तर मी काय समजावणार. शेवटी आजी घरी गेल्या, होम हेल्थला ती तीन दिवसांची अट नसते म्हणून घरी फिजिओथेरपिस्ट लावून दिला, वॉकर दिला आणि सुनेनं कामावरून रजा काढली. त्या सुनेचा चेहरा मला अजून आठवतो, आणि शिकायला मी सुरुवात केली ती तिथून.

नियम पण सारखे सरकत असतात. 1983 मध्ये मेडिकेअरने निदानाप्रमाणे ठरलेली एकच रक्कम द्यायला सुरुवात केली, त्यालाच डीआरजी म्हणतात, आणि पेशंट किती दिवस राहतो हा पैशाचा प्रश्न झाला. 2012 च्या ऑक्टोबरपासून पेशंट 30 दिवसांत परत ॲडमिट होण्याचं प्रमाण जास्त असलेल्या हॉस्पिटलचे पैसे कापायला लागले, हार्ट फेल्युअर, न्यूमोनिया, सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट आजार) असे ठराविक आजार आहेत त्यात, आणि कपात 3 टक्क्यांपर्यंत जाते. 2013 च्या ऑक्टोबरला टू मिडनाइट रूल आला, म्हणजे हॉस्पिटलमध्येच द्यावी लागेल अशी ट्रीटमेंट दोन मध्यरात्री ओलांडेल असं डॉक्टरला वाटत असेल तर इनपेशंट. ट्रीटमेंट, हा शब्द नीट धरा, जागा मिळायची वाट बघत काढलेली रात्र त्यात येत नाही, आणि आजींच्या बाबतीत नेमकं तेच झालं होतं. मग 2024 च्या जानेवारीपासून मेडिकेअर ॲडव्हान्टेजच्या प्रायव्हेट प्लॅनवाल्यांनाही इनपेशंट ठरवताना टू मिडनाइटचा निकष पाळायला लावला, त्याआधी ते आपापले निकष लावायचे. मेडिकेअरची निम्म्याहून जास्त माणसं आता या प्लॅनमध्ये आहेत, त्यामुळे आमची अर्धी दुपार त्यांच्याशी फोनवर जाते. परीक्षेचा अभ्यास केला की हे सगळं एका सूत्रात कळतं, मला खरा उपयोग त्याचा झाला, नावापुढच्या अक्षरांचा नंतर.

तर आता तिन्ही सर्टिफिकेटं.

सीसीएम, म्हणजे सर्टिफाइड केस मॅनेजर, हे सगळ्यात जास्त ओळखलं जाणारं. देणारी संस्था म्हणजे केस मॅनेजर सर्टिफिकेशनचं कमिशन, 1992 पासूनचं. हे फक्त नर्ससाठी नाही, सोशल वर्कर, फिजिकल थेरपिस्ट वगैरेही बसतात. पात्रतेचे दोन भाग आहेत. पहिला शिक्षणाचा किंवा लायसन्सचा: एकतर चालू, कुठलंही बंधन नसलेलं आरोग्य क्षेत्रातलं लायसन्स, ज्यात तुम्हाला पेशंटचं असेसमेंट स्वतंत्रपणे करायचा अधिकार आहे, नाहीतर नर्सिंग, सोशल वर्क किंवा त्याच प्रकारच्या विषयातली मान्यताप्राप्त संस्थेची बॅचलर्स किंवा मास्टर्स. आरएनला लायसन्सचा रस्ता सरळ आहे, त्यामुळे इथलं आरएन लायसन्स हातात असेल तर भारतातली डिग्री परत इव्हॅल्युएट करून घ्यायच्या भानगडीत पडू नका, माझ्या दोन मैत्रिणींनी उगीच पैसे घातले त्यात. एलपीएन (आरएनच्या खालच्या पायरीची नर्स) असाल तर मात्र बहुतेक राज्यांत स्वतंत्र असेसमेंटचा अधिकार नसतो, तिथे अडतं.

दुसरा भाग अनुभवाचा, यात तीन पर्याय आहेत. तुमची सुपरवायझर स्वतः सीसीएम असेल तर 12 महिने फुल टाइम केस मॅनेजमेंट पुरतं. ती सीसीएम नसेल तर 24 महिने. आणि तुम्हीच केस मॅनेजर लोकांच्या सुपरवायझर असाल तर ते 12 महिने चालतात. म्हणून नोकरी घेतानाच विचारा की माझी सुपरवायझर सीसीएम आहे का, एका प्रश्नात एक वर्ष वाचतं. अनुभव पगारी पाहिजे, व्हॉलंटियर, इंटर्नशिप धरत नाहीत.

इथेच सगळ्यात जास्त अर्ज अडकतात, म्हणून जरा थांबून सांगते. तुमच्या पदाचं नाव केस मॅनेजर आहे म्हणून काम केस मॅनेजमेंट धरलं जात नाही. ते बघतात की तुम्ही असेसमेंट, प्लॅनिंग, अंमलबजावणी, कोऑर्डिनेशन, मॉनिटरिंग, मूल्यमापन हे सगळं करता का, आणि एका ॲडमिशनपुरतं नाही तर पुढच्या टप्प्यापर्यंत पेशंटबरोबर असता का. दिवसभर फक्त इन्शुरन्सला क्लिनिकल फॅक्स करत असाल, म्हणजे नुसतं युटिलायझेशन रिव्ह्यू, तर ते पुरत नाही. माझ्या पहिल्या जॉब डिस्क्रिप्शनवर एकच ओळ होती, डिस्चार्ज प्लॅनिंगला मदत करणे. प्रत्यक्षात मी घरच्यांशी बोलत होते, डायलिसिसची खुर्ची बुक करत होते, घरी गेल्यावर तिसऱ्या दिवशी फोन करत होते, पण कागदावर त्यातलं काहीच नव्हतं. मॅनेजरला भेटून जॉब डिस्क्रिप्शन खऱ्या कामाप्रमाणे दुरुस्त करून घेतलं, एचआरकडून तारखेसकट घेतलं, त्यात महिना गेला. हे अर्जाच्या वेळी नका करू, जॉइन झाल्यावर पहिल्या महिन्यातच करा.

एसीएम, म्हणजे ॲक्रेडिटेड केस मॅनेजर, हे खास हॉस्पिटलवाल्यांचं, 2005 पासूनचं, आरएनसाठी वेगळं आणि सोशल वर्करसाठी वेगळं. परीक्षेत एक भाग दोघांना सारखा आणि एक आपापल्या विषयाचा. आरएनला चालू लायसन्स, सोशल वर्करला मान्यताप्राप्त स्कूलची सोशल वर्कची डिग्री, आणि अनुभव निदान एक वर्ष म्हणजे 2,080 तास. आपल्याकडून एमएसडब्ल्यू करून आलेल्यांसाठी: सोशल वर्क शिक्षणाची इथली जी कौन्सिल आहे ती परदेशी डिग्री तपासून मान्यता देते, ते आधी करून घ्या, पुढे स्टेटच्या लायसन्सलाही तेच कामी येतं. नुसतं हॉस्पिटलमध्येच राहायचं असेल तर माझं मत एसीएमकडे झुकतं, कारण त्यातले प्रश्न आपल्या रोजच्या कामातले वाटतात. पुढे इन्शुरन्स कंपनीत, वर्कर्स कॉम्पमध्ये (कामावर दुखापत झालेल्यांचा विमा) किंवा घरून काम करायचं मनात असेल तर सीसीएम, जाहिरातींमध्ये तेच जास्त मागतात.

तिसरं एएनसीसीचं (अमेरिकन नर्सेस क्रेडेन्शियलिंग सेंटर) नर्सिंग केस मॅनेजमेंट, फक्त आरएनसाठी. आरएन म्हणून दोन वर्षं फुल टाइम, गेल्या तीन वर्षांत केस मॅनेजमेंटचे 2,000 तास, आणि त्याच तीन वर्षांत या विषयातलं 30 तासांचं कंटिन्युइंग एज्युकेशन. यात दुसऱ्या देशातलं कायदेशीर समकक्ष नर्सिंग रजिस्ट्रेशनही धरतात, बाकीच्या अटी मात्र त्याच.

एच-4 वर (नवऱ्याच्या एच-1बीवरचा डिपेंडंट व्हिसा) आलेल्या बीएचएमएस, बीएएमएस, एमबीबीएस मैत्रिणी खूप विचारतात. तुमची डिग्री नर्सिंगची किंवा सोशल वर्कची नाही, त्यामुळे एसीएम, एएनसीसी विसरा. सीसीएमला डिग्रीच्या रस्त्याने जाता येतं का हे अर्ज भरायच्या आधी कमिशनला मार्कशीट पाठवून लेखी विचारा, अर्जाची फी परत मिळत नाही. आणि वर्क परमिट नसेल तर पगारी अनुभवच तयार होत नाही, त्यामुळे आधी ईएडी, म्हणजे ते वर्क परमिट, मग बाकीचं.

कागदपत्रं तशी कमी लागतात. लायसन्सचा नंबर, राज्य, मुदत. डिग्रीच्या रस्त्याने जाणार असाल तर ट्रान्सक्रिप्ट. जॉब डिस्क्रिप्शन. सुपरवायझरचं नाव, हुद्दा, ऑफिसचा ईमेल, कारण तिला तुमचे महिने आणि काम खरं आहे असं कळवावं लागतं. जुनी सुपरवायझर नोकरी सोडून गेली की तिला शोधताना दमछाक होते, म्हणून ती जायच्या आधीच अनुभवाचं पत्र घेऊन ठेवा. काही अर्ज ऑडिटला निघतात, तेव्हा सगळे पुरावे मागतात, त्यामुळे सगळं स्कॅन करून एका फोल्डरमध्ये असू दे.

आणि नाव! आपल्या मराठी बायकांचं इथे हमखास अडतं. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या रजिस्ट्रेशनवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, त्यात पासपोर्टवर नवऱ्याचं नाव गिव्हन नेमच्या रकान्यात बसलेलं, म्हणून इथल्या ड्रायव्हिंग लायसन्सवर तुमचं पहिलं नाव सुनीता रमेश असं जोडनाव होऊन बसतं, आणि नर्सिंग लायसन्सवर नुसतं सुनीता. परीक्षा केंद्रावर फोटो आयडीवरचं नाव आणि नोंदणीचं नाव एकच लागतं, नाहीतर आत सोडत नाहीत. अर्ज करायच्या आधी आयडी आणि नर्सिंग लायसन्स समोरासमोर ठेवा, अक्षर न् अक्षर जुळवा, जुळत नसेल तर आधी स्टेट बोर्डात लायसन्सवरचं नाव बदला. त्याला मॅरेज सर्टिफिकेट लागतं, लग्नात पहिलं नावही बदललं असेल तर महाराष्ट्र शासनाचं गॅझेट लागू शकतं, ते भारतात गेलात की घेऊन या.

परीक्षेबद्दल थोडंच. सीसीएमला 180 प्रश्न, त्यातले 150 मोजतात, वेळ तीन तास. हॉस्पिटलच्या नर्सना त्यात धक्का बसतो तो रिहॅबिलिटेशन आणि वर्कर्स कॉम्पच्या प्रश्नांचा, अपंग कामगाराला परत कामावर कसं घ्यायचं, एफएमएलएची रजा (स्वतःच्या किंवा घरच्यांच्या आजारपणासाठी कायद्याने मिळणारी) कोणाला मिळते, हे आपण वॉर्डात कधी बघत नाही. मी तो भाग आधी केला, मेडिकेअर शेवटी, कारण ते रोज हातात असतं. केस मॅनेजमेंट सोसायटीचे प्रॅक्टिस स्टँडर्ड्स 2022 मध्ये सुधारलेत, ते पूर्ण वाचा, फार मोठे नाहीत. एथिक्सचे प्रश्न गोंधळात टाकतात, चारही उत्तरं बरोबर वाटतात, तिथे पेशंटला स्वतः ठरवायचा हक्क देणारं उत्तर आधी तपासा.

पास झाल्यावर सीसीएम पाच वर्षं चालतं आणि त्या काळात 80 तासांचं शिक्षण दाखवावं लागतं, त्यात 8 तास एथिक्सचे. एसीएमला चार वर्षांत 40 तास. एएनसीसीचं पाच वर्षांचं. हॉस्पिटलात दुपारच्या जेवणाच्या वेळी जी लेक्चरं होतात त्यातल्या बऱ्याच लेक्चरांना क्रेडिट असतं, फक्त शेवटी तो फीडबॅक फॉर्म भरल्याशिवाय सर्टिफिकेट येत नाही आणि आपण पेजर वाजला की फॉर्म न भरता उठतो. तो दोन मिनिटांचा फॉर्म भरूनच उठा, आणि सर्टिफिकेट आलं की त्याच दिवशी फाइलच्या नावात तारीख आणि तास टाकून सेव्ह करा.