फसवणुकीचा जाब कोणी कोणाला विचारायचा? बेळगाव सीमाभागातील विवाह, व्यभिचार आणि कायदा यांची पार्श्वभूमी

नवराबायकोच्या नात्यातल्या फसवणुकीचा विषय बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या मराठी घरांत निघाला की गेली काही वर्षे एक वाक्य हमखास कानावर येते: ‘२०१८ पासून कायद्यानं सगळं मोकळं केलंय, आता कुणाला काही विचारता येत नाही.’ हे म्हणणे चुकीचे आहे, पण ते इतक्या खात्रीने का बोलले जाते हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. जो फसवला गेला त्याने फसवणाऱ्याला समोरासमोर जाब विचारावा, ही गोष्ट आपल्या रूढीने आणि कायद्यानेही फार उशिरा मान्य केली. त्याआधी जाब विचारायचा तो भावकीने, जातीच्या पंचांनी आणि पुढे फौजदारी कोर्टात एका पुरुषाने दुसऱ्या पुरुषाला. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्यभिचाराचे फौजदारी कलम रद्द केले, तेव्हा गेला तो यातला शेवटचा प्रकार.

मराठेशाहीच्या कागदपत्रांत व्यभिचाराचा गुन्हा ‘बदअमल’ म्हणून येतो. गोतसभा, म्हणजे जातगोताची पंचसभा, दोष ठरवी, सरकार दंड घेई, प्रायश्चित्त झाले की माणूस पुन्हा पंक्तीला बसे. बाईच्या वाट्याला मात्र कित्येकदा कुणबीण, म्हणजे दासी, म्हणून राबणे येई. अनेक जातींत काडीमोड, म्हणजे रूढीने लग्न मोडणे, आणि त्यानंतर पाट किंवा मोहतूर, म्हणजे बाईचे दुसरे लग्न, हा रस्ता खुला होता, शेजारच्या कन्नड घरांत अशा लग्नाला उडिकी म्हणत. ब्राह्मणांत आणि स्वतःला वरचढ समजणाऱ्या इतर काही जातींत मात्र बाईला सुटण्याची वाटच नव्हती. १८१८ मध्ये बेळगाव कंपनी सरकारच्या ताब्यात गेल्यावरही लग्नाचे बरेचसे व्यवहार रूढीवरच चालले. पुढे शेजारच्या कोल्हापूर संस्थानाने १९१९ मध्ये काडीमोडासंबंधी कायदा केला, आणि चोर्ला घाटाच्या पलीकडे गोव्यात पोर्तुगीजांचा १९१० चा घटस्फोट कायदा आला, ज्यात पती किंवा पत्नी यांपैकी कोणाच्याही व्यभिचारावरून घटस्फोट मागता येत होता. या दोहोंच्या मधल्या बेळगाव जिल्ह्यात, ज्या जातीत काडीमोड नव्हता तिथल्या बाईला तेव्हा यातले काहीही उपलब्ध नव्हते.

तिच्या दृष्टीने खरा बदल स्वातंत्र्याच्या आगेमागे झाला. बेळगाव तेव्हा मुंबई प्रांतात असल्याने प्रांताचा १९४६ चा द्विभार्याप्रतिबंधक कायदा आणि १९४७ चा हिंदू घटस्फोट कायदा इथे थेट लागू झाले. निजामाच्या राज्यातल्या बिदर-भालकीच्या मराठी घरांना ते लागू नव्हते. पहिल्या कायद्याने नवऱ्याचे दुसरे लग्न बेकायदा ठरले. याचे महत्त्व आज चटकन ध्यानात येत नाही. त्याआधी पहिली बायको हयात असताना नवऱ्याने दुसरी करून आणली, तर तिला दुःख होई, पण कायद्याच्या नजरेत तिची फसवणूक झालेलीच नसे, मग जाब कशाचा विचारणार? दुसऱ्या कायद्याने नवऱ्याने बाई ठेवली असेल तर बायकोला घटस्फोट मागता येऊ लागला. कोर्टाची पायरी चढणाऱ्या बायका तेव्हा फार नसणार, पण नवऱ्याच्या बाहेरच्या संबंधाबद्दल सरकारी न्यायाधीशापुढे स्वतःच्या नावाने बोलण्याचा हक्क या भागातल्या हिंदू बाईला मिळाला तो तेव्हा, आणि माझ्या मते १९४७ च्या या कायद्याची आठवण आपल्याकडे फारच कमी ठेवली गेली आहे.

१८ मे १९५५ पासून हिंदू विवाह कायदा अमलात आला आणि प्रांतिक कायदे मागे पडले. त्यात एक पेच होता. जोडीदाराने एकदा परक्याशी संबंध ठेवला तर केवळ न्यायिक विभक्तता, म्हणजे लग्न न मोडता वेगळे राहण्याची मुभा, मिळे. घटस्फोटासाठी तो ‘व्यभिचारात राहतो आहे’ असे सिद्ध करावे लागे. म्हणजे फसवणूक कळून चालत नव्हते, ती चालू असताना पकडावी लागत होती. १९७६ च्या दुरुस्तीने ही अट काढली, लग्नानंतर स्वेच्छेने केलेला एकच संबंधही घटस्फोटाला पुरेसा ठरला, आणि परस्परसंमतीने घटस्फोटाची सोयही त्याच वर्षी झाली. फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या पोटगीच्या कलमात मात्र ‘व्यभिचारात राहणारी’ पत्नी हे शब्द तसेच राहिले आणि तिच्या जागी आलेल्या नव्या संहितेतही ते आहेत. त्यामुळे एखादी जुनी चूक दाखवून बायकोची पोटगी तोडण्याचे प्रयत्न होतात, आणि न्यायालयांना एक घटना व सततचे वागणे यांतला फरक पुन्हा पुन्हा सांगावा लागतो.

आता व्यभिचाराला गुन्हा ठरवणाऱ्या त्या वादग्रस्त कलमाकडे यायला हवे, कारण २०१८ विषयीचा सारा गैरसमज त्यातून निघतो. भारतीय दंडसंहितेच्या १८३७ च्या पहिल्या मसुद्यात व्यभिचार हा गुन्हाच नव्हता. तो नंतरच्या आयोगाने घातला आणि १ जानेवारी १८६२ पासून अमलात आलेल्या संहितेत तो कलम ४९७ म्हणून बसला. शिक्षा पाच वर्षांपर्यंत होती, पण ती केवळ दुसऱ्याच्या बायकोशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषाला. बायकोला शिक्षा नव्हती. नवऱ्याची संमती किंवा संगनमत असेल तर गुन्हाच होत नव्हता. नवरा अविवाहित किंवा विधवा स्त्रीकडे जात असेल तर या कलमाचा काही संबंध नव्हता. फिर्याद देण्याचा हक्क नवऱ्याला, तो गावी नसेल तर त्याच्या वतीने बायकोची देखभाल करणाऱ्याला; ज्या बाईच्या नवऱ्याने बाहेर संबंध ठेवला तिला तो कधीच नव्हता. १९५४, १९८५ आणि १९८८ अशा तीन वेळा सर्वोच्च न्यायालयाने हे कलम राखले. पहिल्या निकालात स्त्रियांसाठी खास तरतूद म्हणून त्याचे समर्थन झाले. तिसऱ्यात तर असे म्हटले गेले की नवरा बायकोवर खटला भरू शकत नाही आणि बायकोही नवऱ्यावर भरू शकत नाही, तेव्हा भेदभाव कुठे आहे? हा युक्तिवाद मला आजही अस्वस्थ करतो, कारण नवऱ्याच्या हाती निदान परपुरुषावरची फिर्याद होती आणि बायकोच्या हाती ती परस्त्रीवरही नव्हती.

२७ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायाधीशांनी एकमताने, पण चार वेगवेगळ्या निकालपत्रांतून, हे कलम घटनाबाह्य ठरवले. पत्नी ही पतीची मालमत्ता असल्याची जुनी समजूत त्यामागे आहे, हा त्यातला गाभा होता. त्याच निकालात आणखी दोन गोष्टी होत्या ज्या आपल्या भागात पोहोचल्याच नाहीत. एक, व्यभिचार हा घटस्फोटासाठीचा दिवाणी आधार म्हणून पूर्वीसारखाच राहिला. दोन, जोडीदाराच्या अशा वागण्यामुळे कोणी आत्महत्या केली आणि तसा पुरावा मिळाला, तर आत्महत्येस प्रवृत्त करण्याच्या गुन्ह्याचा विचार होऊ शकतो, असेही म्हटले गेले. कायद्याने ‘मोकळं’ केले ते इतकेच, की नवऱ्याला दुसऱ्या पुरुषाला तुरुंगात पाठवता येईना. बायकोच्या हातून काही गेले नाही, कारण तिच्या हातात काही नव्हतेच. गल्लीतल्या पंचांच्या बैठकीत हे कलम ‘आत टाकीन’ या धमकीपुरते वापरले जाई, आणि त्या धमकीवर सोडचिठ्ठी, दागिने आणि मुलांचा ताबा यांच्या तडजोडी होत. ही धमकी गेली म्हणून ज्यांना चुकल्यासारखे वाटते, त्यांच्या मनातल्या न्यायाच्या कल्पनेत दुखावलेली बायको कुठे बसते, हे त्यांनी एकदा तपासून पाहावे.

या बैठकांतून निघणारा कागद बहुतेक ठिकाणी सारखाच असतो. शंभराचा मुद्रांक, वर दोन्ही घरांचे पत्ते, मध्ये ‘यापुढे आमचा एकमेकांवर कोणताही हक्क राहिला नाही’ अशी ओळ, खाली दोन्हीकडच्या साक्षीदारांच्या सह्या आणि शेवटी नोटरीचा गोल शिक्का. फसवणूक नेमकी काय झाली याचा त्यात एका शब्दाने उल्लेख नसतो. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९ ने रूढीनुसारचा काडीमोड जपला आहे, पण ती रूढी त्या जातीत खरोखर चालत आली आहे हे कोर्टात सिद्ध करावे लागते. तसे न झाल्यास पहिले लग्न कायम राहते, आणि त्या कागदाच्या भरवशावर केलेले दुसरे लग्न द्विविवाहाच्या गुन्ह्यात जाऊ शकते.

सीमाभागाच्या दृष्टीने २०१८ नंतरचा महत्त्वाचा टप्पा ३१ जानेवारी २०२३ चा आहे. बेळगाव, चंदगड, गडहिंग्लज या भागात फौजी घरे पुष्कळ आहेत आणि नवरा सीमेवर असताना मागे घरात काय चालले असेल, ही चिंता तिथे उघडपणे बोलली जाते. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की २०१८ चा निकाल सैन्यदलांच्या कायद्यांना लागू होत नाही. सहकाऱ्याच्या पत्नीशी संबंध ठेवल्यास गैरवर्तन म्हणून लष्करी कारवाई होऊ शकते. शिस्तीच्या दृष्टीने हे समजण्यासारखे आहे, परंतु फौजीच्या बायकोला कारवाईची धमकी देऊ पाहणाऱ्या नातेवाइकांनी हेही लक्षात घ्यावे की ती कारवाई गणवेशातल्या माणसावर होते, तिच्यावर नाही.

जुन्या दंडसंहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत व्यभिचार परत आला नाही, जरी आदल्या वर्षी एका संसदीय समितीने तो स्त्री-पुरुष दोघांना सारखा लागू करून परत आणावा असे सुचवले होते. विवाहित स्त्रीला फूस लावून नेण्याचे जुने कलम मात्र ८४ या नव्या क्रमांकाने शिल्लक आहे, आणि ४९७ ज्या कारणासाठी गेले त्याच कारणासाठी हेही जायला हवे होते. लग्नाआधीच्या नात्यांसाठी कलम ६९ नवे आले: लग्नाचे वचन पाळण्याचा हेतूच नसताना ते देऊन शरीरसंबंध ठेवल्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षा. सुरुवातीपासूनचा खोटेपणा आणि पुढे मोडलेले नाते यांत फरक करावा लागतो, आणि तिथेच अशा तक्रारी अडतात.

आता जाब विचारण्याची सुरुवात मोबाईलपासून होते. रात्री साडेअकराला आलेला ‘जेवलीस का?’ एवढाच संदेश, त्याचा स्क्रीनशॉट, मग भांडण, मग माहेर, मग वकील. बेळगावच्या न्यायालयात तो दाखल करताना नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते आणि मराठी मजकुराचे कन्नड किंवा इंग्रजी भाषांतर द्यावे लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या १४ जुलै २०२५ च्या निकालाने पती-पत्नीने एकमेकांचे चोरून केलेले ध्वनिमुद्रणही त्यांच्यातल्या वैवाहिक दाव्यात ग्राह्य धरता येईल असे ठरवले. उलट बाजूही ठाऊक हवी. २००३ च्या एका निकालानुसार लेखी जबाबात बायकोच्या चारित्र्यावर केलेले निराधार आरोप हाच मानसिक छळ ठरतो, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये, आईचा व्यभिचार सिद्ध करण्यासाठी मुलाची डीएनए चाचणी सरसकट मागता येणार नाही, असे सांगितले गेले.

राज्यांच्या सीमेचा प्रश्न इथे एका अनपेक्षित जागी आडवा येतो. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी चंदगड आणि बेळगाव एकाच जिल्ह्यात होते, त्यामुळे दोन्ही घरांचा दावा एकाच जिल्हा न्यायालयात आणि अपील मुंबईला जाई. राज्यपुनर्रचनेनंतर चंदगड कोल्हापूरकडे गेले, बेळगावचे अपील बंगळूरला आणि २००८ पासून धारवाडला जाऊ लागले, पण सोयरिकी पूर्वीसारख्याच चालू राहिल्या. हिंदू विवाह कायद्याच्या २००३ च्या दुरुस्तीने पत्नीला ती राहते तिथेही दावा दाखल करता येतो. साहजिकच फसवणूक उघड झाल्यावर माहेरी आलेली बाई महाराष्ट्रात दावा लावते आणि नवरा बेळगावात. दोन्ही दावे एकत्र आणायचे तर ते एका राज्यातून दुसऱ्या राज्यात वर्ग करण्याचा अर्ज सर्वोच्च न्यायालयापुढे करावा लागतो, म्हणजे तासाभराच्या अंतरावरच्या दोन गावांतले भांडण थेट दिल्लीत पोहोचते, आणि तो अर्ज निकाली निघेपर्यंत मूळ आरोपावर दोघांपैकी कोणाचीही साक्ष सहसा सुरू होत नाही.