पार्श्वभूमी: दुकानाची वही आणि पोर्ट गिब्सनचा बहिष्कार

1966 च्या मार्च महिन्यात अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात, पोर्ट गिब्सन नावाच्या छोट्या गावातल्या कृष्णवर्णीय रहिवाशांनी गावच्या गोऱ्या कारभाऱ्यांपुढे एक निवेदन ठेवलं. शाळांमधला वर्णभेद संपवा, पोलिसांत आमची माणसं घ्या, ज्युरीवर आम्हाला बसू द्या, आमच्या वस्तीतही सुधारणा करा, अशा त्यातल्या मागण्या होत्या. आणि त्यांच्याच रांगेत आणखी एक होती: आम्हाला 'बॉय', 'गर्ल', 'अंकल' अशा हाका मारू नका, 'मिस्टर', 'मिसेस', 'मिस' म्हणा. पाठोपाठ 23 मार्चला पुरवणी मागणी आली की प्रत्येक दुकानाने कृष्णवर्णीय विक्रेते आणि कॅशियर नेमावेत.

'अरे-तुरे' आणि 'अहो-जाहो' यांतलं अंतर मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. साठीच्या माणसाला दुकानातल्या विशीच्या पोराने 'ए पोरा' म्हणायचं, आणि त्या माणसाने टोपी काढून 'येस सर' म्हणायचं, हे रोज, मीठ-तेल घ्यायला गेलं तरी. पण ही मागणी दुकानांवरच्या बहिष्काराशी का जोडली गेली, हे कळायला त्या गावांचा व्यवहार कशावर उभा होता ते पाहावं लागतं. तो उभा होता दुकानदाराच्या वहीवर.

1865 मध्ये अमेरिकेतलं उत्तर-दक्षिण यादवी युद्ध संपलं, गुलामगिरी कायद्याने गेली. त्याच वर्षीच्या जानेवारीत उत्तरेचे जनरल शेरमन यांनी दक्षिण कॅरोलिना आणि जॉर्जियाच्या किनाऱ्यावरची जमीन मुक्त झालेल्या कुटुंबांना 40 एकरांपर्यंतच्या तुकड्यांनी देण्याचा हुकूम काढला होता. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी वर्ष संपायच्या आत तो फिरवला. जमीन जुन्या मालकांकडेच राहिली, राबणारे हात मोकळे झाले, आणि रोकड मात्र कोणाकडेच उरली नाही. दक्षिणेचं चलन रद्दी झालं होतं, बँका बुडाल्या होत्या, आणि ज्या माणसांना तारण ठेवून मळेवाले कर्ज काढत ती माणसं आता तारण राहिली नव्हती. यातून अर्धेलीची शेती आली. जमीन मालकाची, बहुतेकदा खेचर आणि नांगरही मालकाचा, कष्ट कुळाचे, कापूस निम्मा-निम्मा.

पण मार्चमध्ये पेरणीची तयारी सुरू होते आणि कापूस घरी येतो सप्टेंबरनंतर. मधले सहा महिने खायचं काय? तिथे दुकान आलं. जॉर्जियाने 1866 मध्ये आणि मिसिसिपीने 1867 मध्ये कायदे करून उधारीवर माल देणाऱ्याला पिकावर पहिला हक्क दिला. आपल्याकडे सात-बाऱ्यावर बोजा चढतो, तसा तिथे पिकावर चढू लागला, आणि तोही बी मातीत पडायच्या आधी. खारवलेलं डुकराचं मांस, मक्याचं पीठ, काकवी, रॉकेल, तपकीर, छिटाचं कापड, खत, नांगराचा फाळ, सगळं वहीवर. या उधारीला तिथे 'फर्निश' म्हणत. हंगाम संपला की 'सेटल' व्हायचं, म्हणजे हिशेब मिटवायचा. बहुतेकांचा तो मिटत नसे. बाकी पुढच्या पानावर जाई आणि कुटुंब पुढच्या वर्षासाठी त्याच दुकानाशी बांधलं जाई.

त्या वहीत दोन भाव असत, रोखीचा आणि उधारीचा. व्याज वेगळं लिहायची गरजच पडत नसे, ते भावातच असे. रॉजर रॅन्सम आणि रिचर्ड सच या अर्थइतिहासकारांनी 1880 च्या दशकातल्या जॉर्जियामधल्या भावांवरून हा दर काढला, तो वर्षाला सुमारे 60 टक्के भरला. दुकानदाराची बाजूही सांगायला हवी. तो स्वतः उत्तरेकडच्या घाऊक व्यापाऱ्यांकडून उधारीवरच माल आणी, पीक बुडालं की त्याचीही रक्कम बुडे. असं असलं तरी साठ टक्के ते साठ टक्के.

दुकानदाराची अट एकच असे, कापूस पेर. कापूस बाजारात विकला जातो, घरात खाल्ला जात नाही, म्हणून तारण म्हणून तोच पक्का. परसातला भाजीपाला, शेतातला मका मागे पडला आणि पीठ विकतचं आलं. पौंडाचा भाव 1894 मध्ये पाच सेंटच्या खाली गेला तरी पेरणी कापसाचीच. मांस, पीठ आणि काकवी एवढ्यावर जगणाऱ्या या माणसांच्या अंगावर पेलाग्रा उमटू लागला. कातडी सोलणारा, पोट बिघडवणारा, शेवटी बुद्धीवर जाणारा हा रोग संसर्गाचा नसून निकृष्ट अन्नाचा आहे, हे डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी 1914 पासूनच्या कामातून दाखवलं. कारणीभूत उणीव नायसिनची, हे 1937 मध्ये स्पष्ट झालं. दुकानाच्या फळीवर काय होतं आणि काय नव्हतं, ते माणसांच्या हातापायांवर दिसत होतं.

आणि वही कोण लिहिणार? दुकानदार किंवा मळेवाला. गुलामगिरीच्या काळात दक्षिणेतल्या अनेक राज्यांत गुलामाला लिहा-वाचायला शिकवण्यावर बंदी होती, त्यामुळे युद्धानंतरच्या पहिल्या पिढीत कितीजण आपलंच खातं वाचू शकत? वाचता येत असलं तरी हिशेब मागणं म्हणजे गोऱ्या माणसाला खोटं ठरवणं होतं. 1919 मध्ये आर्कान्सामधल्या एलेन परिसरात कृष्णवर्णीय कुळांनी संघटना बांधली आणि हिशेबाची नीट फोड मिळावी म्हणून वकील केला. सप्टेंबरअखेर त्यांच्या सभेबाहेर गोळीबार झाला, त्यानंतरच्या दिवसांत गोऱ्या टोळ्यांनी आणि सैनिकांनी तिथे कत्तल केली. मूळ मागणी काय होती? वही दाखवा, एवढीच.

या कापसाचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत येतो. यादवी युद्धात दक्षिणेची बंदरं अडली तेव्हा इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांनी खानदेश-वऱ्हाडच्या कापसाकडे धाव घेतली, मुंबईत पैसा वाहू लागला. 1865 मध्ये युद्ध संपताच भाव कोसळले आणि पतपुरवठा आखडत गेला. दहा वर्षांनी, 12 मे 1875 रोजी, पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जखतं हिसकावून जाळली. दख्खनच्या या दंग्याला इतरही कारणं होती, सरकारचा शेतसारा त्यात मोठा. पण धनाचा ऐवज सोडून कागदांना आग का लावली असेल, हे मिसिसिपीतल्या कुळाला एका शब्दात कळलं असतं.

पोर्ट गिब्सनकडे परत येतो. हे क्लेबोर्न काउंटीचं मुख्य ठिकाण, म्हणजे आपल्या भाषेत तालुक्याचा गाव. कोर्ट इथे, कापसाचा बाजार इथे, 1882 पासून सरकीच्या तेलाची गिरणी इथे. प्रेस्बिटेरियन चर्चच्या मनोऱ्यावर क्रूस नाही, आकाशाकडे बोट दाखवणारा सोनेरी हात आहे. त्याच चर्च स्ट्रीटवर 1890 च्या दशकाच्या सुरुवातीला बांधलेलं मूरिश धाटणीचं सिनेगॉग आहे, मिसिसिपीतलं सर्वांत जुनं. आल्सास आणि जर्मनीकडून आलेले ज्यू तरुण पाठीवर गाठोडं घेऊन मळ्यामळ्यांवर सुया, कापड, चष्मे विकत हिंडत. पुढे गावात दुकान टाकत. कृष्णवर्णीय गिऱ्हाइकाला दारात येऊ देणारे पहिले व्यापारी बऱ्याच ठिकाणी हेच होते. उत्तरेकडच्या डेल्टा भागात हीच जागा चिनी किराणा दुकानदारांनी घेतली. तिथल्याच गॉंग लम नावाच्या दुकानदाराच्या मुलीला गोऱ्यांच्या शाळेतून काढलं गेलं आणि 1927 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तिला परत प्रवेश दिला नाही. काउंटरमागे उभं राहिलं म्हणून कोणी रेषेच्या पलीकडचं होत नसे.

शनिवार हा या गावांचा बाजाराचा दिवस. मळ्यांवरून गाड्या, खेचरं, पुढे फोर्ड गाड्या भरून माणसं येत. जिनिंगला कापूस द्यायचा, जोड्याला टाच मारून घ्यायची, न्हाव्याकडे बसायचं, तळलेली मासळी खायची, लग्नाचं जमवायचं. ही गर्दी सगळ्यांची होती तरी एकत्र नव्हती. गोऱ्यांचा फुटपाथ आणि कृष्णवर्णीयांची गल्ली वेगळी, औषधाच्या दुकानात सोडा मिळायचा पण बसून प्यायचा नाही. पण त्याच गल्ल्यांतून संगीत उगवलं. बी. बी. किंग तरुणपणी शनिवारी इंडियानोला गावात चर्च स्ट्रीटच्या कोपऱ्यावर गिटार घेऊन उभे राहत. भक्तिगीताला लोक पाठ थोपटत, ब्लूजला नाणी टाकत, असं ते सांगत. पोर्ट गिब्सन तर 'रॅबिट फूट मिन्स्ट्रेल्स' या कृष्णवर्णीय कलाकारांच्या फिरत्या तंबू-खेळाचं ठाणं होतं, 1918 पासून 1950 पर्यंत. तमाशाचा फड हंगामाला बाहेर पडावा तसा तो फड गावोगाव निघे.

काउंटरचे नियम कुठे लिहिलेले नव्हते, पण लहान मूलही ते जाणत होतं. गोरं गिऱ्हाईक आलं की आधी त्याचं. बऱ्याच दुकानांत कृष्णवर्णीय बाईने टोपी किंवा जोडा घालून बघायचा नाही. घातलाच तर घ्यायचा. जुन्या दुकानात माल विक्रेत्याच्या पाठीमागे असे, मागावा लागे, आणि मागताना बोलावं लागे. इथेच अपमानाची सगळी सोय होती. म्हणून 1916 मध्ये मेम्फिसला पिगली विगली या दुकानाने गिऱ्हाइकाच्या हाती टोपली देऊन माल स्वतःच उचलायला सांगितलं, त्याला सोयीपलीकडे अर्थ आहे असं मला वाटतं. टपालाने माल देणाऱ्या सीअर्सच्या कॅटलॉगचंही तसंच. 1913 मध्ये पार्सल टपाल सुरू झालं, आणि फॉर्मवर आकडा लिहून पैसे धाडणाऱ्याला चांगला माल, छापील भावात मिळू लागला. गिऱ्हाइकाचा रंग शिकागोला दिसत नव्हता. छोट्या गावांतल्या व्यापाऱ्यांनी या कॅटलॉगविरुद्ध मोहिमा काढल्या, काही ठिकाणी त्यांच्या होळ्याही केल्या.

काउंटरवरची चूक किती महाग पडे, हे 1955 च्या ऑगस्टमध्ये जगाने पाहिलं. मिसिसिपीतल्याच मनी नावाच्या खेड्यात एका किराणा दुकानात शिकागोहून पाहुणा आलेला 14 वर्षांचा एमेट टिल गेला. मालकिणीशी गैर वागल्याचा ठपका त्याच्यावर आला आणि चार दिवसांनी त्याला घरातून उचलून नेऊन मारण्यात आलं.

तोवर जुनी व्यवस्था आतून खिळखिळी झाली होती. 1907 मध्ये मिसिसिपीत शिरलेल्या बोंडातल्या सोंडकिड्याने पिकं खाल्ली, लाखो माणसं उत्तरेकडे निघून गेली, दुसऱ्या महायुद्धानंतर कापूस वेचणारी यंत्रं आली. वहीचा धाक सुटत चालला. क्लेबोर्न काउंटीत कृष्णवर्णीय बहुसंख्य होते, म्हणजे दुकानांचं गिऱ्हाईकही तेच होते. 1965 चा मताधिकार कायदा झाला तेव्हा त्यांना आपल्या मताबरोबर आपल्या पैशाचीही किंमत कळली.

1 एप्रिल 1966 रोजी फर्स्ट बॅप्टिस्ट चर्चमध्ये शेकडो लोकांनी एकमताने बहिष्कार ठरवला. खून झालेले नागरी हक्कांचे कार्यकर्ते मेडगर एव्हर्स यांचे बंधू चार्ल्स एव्हर्स पुढे होते. दुकानांबाहेर कार्यकर्ते उभे राहत आणि आत जाणाऱ्या कृष्णवर्णीयांची नावं टिपून घेत. ती नावं चर्चमधल्या सभेत वाचली जात, स्थानिक वृत्तपत्रिकेत छापली जात. शंभर वर्षं ज्यांची नावं दुसऱ्याच्या वहीत होती, त्यांनी आता स्वतःची वही उघडली. ती कठोरही होती. शेजाऱ्याचं नाव भर सभेत वाचणं सोपं नाही, काही घरांवर गोळ्याही झाडल्या गेल्या, आणि हा भाग झाकून ठेवणं मला पटत नाही.

1969 च्या एप्रिलमध्ये पोलिसांच्या गोळीने एक कृष्णवर्णीय तरुण मारला गेला आणि मंदावलेला बहिष्कार पुन्हा पेटला. ऑक्टोबरअखेर 17 व्यापारी कोर्टात गेले, दोन संघटना आणि 146 व्यक्तींविरुद्ध. तिथे पुन्हा दुकानांचे हिशेब पुढे आले, या वेळी 1966 ते 1972 पर्यंत बुडालेल्या धंद्याचे. 1976 मध्ये राज्याच्या कोर्टाने 12,50,699 डॉलर भरपाई लावली. गावातल्या बहुतेक प्रतिवादींनी एवढी रक्कम जन्मात पाहिली नव्हती.

2 जुलै 1982 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. शांततेने टाकलेला बहिष्कार राज्यघटनेच्या संरक्षणात बसतो, आणि हिंसेमुळे नव्हे तर अशा बहिष्कारामुळे बुडालेल्या धंद्याची भरपाई मागता येत नाही, असं न्या. स्टीव्हन्स यांनी लिहिलं. सभेत नावं वाचल्यामुळे कोणी ओशाळला किंवा भाग पडून थांबला, म्हणून ते बोलणं संरक्षणाबाहेर जात नाही, हेही त्यांनी स्पष्ट केलं. पहिल्या निवेदनाला तेव्हा 16 वर्षं झाली होती, आणि दुकानदारांच्या त्या वहीतली बाकी कोणालाच फेडावी लागली नाही.