पाइल आणि स्टोन कॉलम: भोक सारखंच, काम वेगळं

उरणकडे एका गोडाऊनच्या साइटवर होतो तेव्हा शेजारच्या गावातले एक काका रोज संध्याकाळी पत्र्याच्या कुंपणाशी येऊन विचारायचे, "आज किती पाइल मारले?" मी रोज सांगायचो, काका ते पाइल नाहीत, पाइल म्हणजे जमिनीत खोल ओतलेला काँक्रीटचा खांब, हे स्टोन कॉलम आहेत, नुसत्या खडीचे खांब, आणि ते म्हणायचे भोक पाडता ना, मग पाइलच की. काकांचं ठीक आहे हो, पण बिल तपासणारा माणूसही हेच म्हणाला तेव्हा डोकं फिरलं.

लांबून ओळखायचं तर सळयांचा पिंजरा आणि काँक्रीट आणणारा ट्रान्झिट मिक्सर दिसला की पाइल. नुसते खडीचे ढीग आणि लोडर फिरतोय तर स्टोन कॉलम, त्यात सिमेंटचा कणही नसतो.

भार टेकवायला पाइल गाळावर विसंबत नाही. खाडीचा दहा-पंधरा मीटर काळा गाळ ओलांडायचा, खाली कातळ गाठायचा, त्यात थोडं घुसायचं आणि वरचा भार तिथे नेऊन टेकवायचा. भोक ढासळू नये म्हणून लायनर (लोखंडी नळा) किंवा बेंटोनाइट (चिकणमातीचं दाट पाणी), आणि काँक्रीट ट्रेमी पाइपने, म्हणजे तळापर्यंत सोडलेल्या लांब नळीने, तळापासून वर भरत यायचं. त्या पाइपचं टोक घाईत काँक्रीटच्या वर खेचलं गेलं की मध्ये चिखल शिरतो आणि पाइल तिथेच तुटला समजा, वरून काही कळत नाही. शिवडी-न्हावा शेवा अटल सेतू २१.८ किलोमीटरचा, त्यातला साधारण १६.५ किलोमीटर समुद्रावर, तिथे पाइलशिवाय दुसरा विचारच नाही.

स्टोन कॉलम मात्र गाळ ओलांडत नाही, त्यालाच कामाला लावतो. व्हायब्रो पोकर, म्हणजे मोटरवर थरथरणारा लांब लोखंडी दांडा, खाली उतरवायचा, खडी थोडी थोडी सोडायची, पोकर वरखाली करत ठोकायची, आणि ऑपरेटरचा डोळा अ‍ॅम्पिअरच्या काट्यावर, काटा चढला म्हणजे मोटरला जोर लागतोय, खडी घट्ट बसली. खडीच्या खांबावर भार आला की तो पोट फुगवून बाजूला पसरायला बघतो आणि भोवतालचा गाळ त्याला आवळून धरतो. म्हणजे पाण्यासारखा पातळ चिखल असेल तर आवळणार कोण, तिथे खडी नुसती गिळली जाते.

दुसरं काम पाण्याचं. गाळ खचतो तो त्यातलं पाणी हळूहळू निघतं म्हणून, आणि मृदा-यांत्रिकीचा जनक मानला जाणाऱ्या टर्झागीच्या हिशोबाने पाण्याला बाहेर पडायचं अंतर अर्धं झालं की वेळ चौथाई लागतो. खडीतून पाण्याला जवळची वाट मिळते, वर मातीचा भराव टाकून ठेवला की वर्षानुवर्षांचं खचणं काही महिन्यांत उरकून घेता येतं. पण खचणं होतंच हां, फक्त कमी आणि लवकर. पाइलच्या लोड टेस्टमध्ये, म्हणजे वर भार देऊन तो किती खचतो ते मोजताना, आपण १२ मिलिमीटरवर हुज्जत घालतो, कंटेनर यार्ड किंवा रस्त्याचा भराव काही सेंटिमीटर गेला तरी कुणी दचकत नाही, म्हणून तिथे स्टोन कॉलम परवडतो.

खरी गोची दोन्ही एकत्र आले की होते. आमच्या गोडाऊनचे खांब पाइलवर, आणि फ्लोअर नुसत्या भरावावर, कारण वरून ठरलं "पाइल आहेत ना, मग कशाला जास्तीचा खर्च". स्टोन कॉलम केले ते फक्त बाहेरच्या यार्डात. पहिल्या पावसाळ्यानंतर खांब जागच्या जागी, आणि फ्लोअर शटरच्या उंबऱ्यापासून वीतभर खाली. ड्रेनेजचे पाइप मोडले ते वेगळंच. शिवाय खचणारा गाळ पाइलला धरून खाली ओढतो, निगेटिव्ह स्किन फ्रिक्शन म्हणतात त्याला, म्हणजे गोडाऊन रिकामं असलं तरी पाइलवर गाळाचा भार आहेच, आणि डिझाइनमध्ये तो धरलाय का हे विचारायला तेव्हा कुणाला सुचलं नाही.

आता त्या शटरपाशी काँक्रीटचा उतार केलाय, फोर्कलिफ्ट आत उतरावी म्हणून. दोनदा उंच करून झालाय.