जुन्या ॲम्प्लिफायरवरचा 'वॉट' : पार्श्वभूमी

चोरबाजारात सत्तरच्या दशकातला रिसिव्हर (रेडिओ आणि ॲम्प्लिफायर एकाच पेटीत) दाखवताना विक्रेता तो फिरवतो आणि मागच्या पत्र्यावर बोट ठेवतो : "२४० वॉट, साहेब." तो आकडा बहुतेक वेळा यंत्र प्लगमधून किती वीज ओढतं याचा असतो. स्पीकरला त्यातलं किती मिळतं, ही गोष्ट वेगळी.

हा घोळ साठच्या दशकात अमेरिकेत सुरू झाला. स्टिरिओ घरोघरी पोचला तसे जाहिरातींतले वॉट फुगले. चॅनेलमागे, म्हणजे डाव्या-उजव्या प्रत्येक बाजूला, सलग २५ वॉट देणारं यंत्र घ्या. साइन लाटेच्या शिखरावर क्षणभर ५० होतात, ती 'पीक पॉवर'. दोन चॅनेलची बेरीज करा, झाले १००. 'म्युझिक पॉवर' जरा सभ्य : पॉवर सप्लाय (यंत्राला आतून वीज पुरवणारा भाग) खचायच्या आत जेवढं निघेल तेवढं मोजायचं. सरळ खोटं यात काही नव्हतं, फक्त दोन यंत्रांचे आकडे शेजारी ठेवून काहीच कळत नसे.

१९७४ मध्ये तिथल्या सरकारी यंत्रणेने नियम केला. वॉट छापायचे तर सलग मिळणारे, आणि किती ओहमला (स्पीकरचा विजेला होणारा अडथळा), कुठून कुठपर्यंतच्या फ्रिक्वेन्सीला, किती डिस्टॉर्शनवर (आवाजातली विकृती), हे सांगून. वाद पेटला तो चाचणीआधी यंत्र तापवण्यावरून. सगळी चॅनेल्स छापील पॉवरच्या एक तृतीयांशावर तासभर चालवायची, मगच मोजायचं. आता, त्या काळच्या नेहमीच्या सर्किटमध्ये आउटपुट ट्रान्झिस्टर सर्वांत जास्त तापतात ते पूर्ण पॉवरला नव्हे, साधारण ४० टक्क्यांना. म्हणजे चाचणी जवळजवळ दुखऱ्या नसेवरच बोट ठेवत होती. कंपन्यांची ओरड अशी, की घरात गाणी ऐकताना सरासरी एखाद-दोन वॉट लागतात, तासभर असं कोण भाजतं? मुद्दा रास्त होता. पण पास व्हायचं तर एकतर छापील आकडा उतरवायचा, नाहीतर जाडजूड हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) आणि वजनदार ट्रान्सफॉर्मर घालायचा. ती यंत्रं आज पन्नाशीतही गातात, त्याचं थोडं श्रेय मी या जाचक तासाला देतो.

मग शर्यतच लागली. १९७६ मध्ये चॅनेलमागे १६० वॉटचा जपानी रिसिव्हर आला, १९७८ मध्ये त्याच कंपनीचा २७० वॉटचा, वजन ३५ किलोच्या घरात. दोघांनी उचलायची वस्तू! आवाजात फरक म्हणाल तर जेमतेम सव्वादोन डेसिबल.

या सलग वॉटना बाजारात रूढ झालेलं नाव 'आरएमएस वॉट'. नियमातला शब्द होता 'सलग सरासरी पॉवर'. आरएमएस (रूट मीन स्क्वेअर, एक प्रकारची सरासरी) मोजतात ते व्होल्टेज.

२००० मध्ये तापवण्याची पॉवर एक तृतीयांशावरून एक अष्टमांशावर आली. २०२४ मध्ये ८ ओहम, २० ते २०,००० हर्ट्झ आणि १ टक्क्याच्या आत डिस्टॉर्शन या अटी ठरवून दिल्या गेल्या.

आपल्याकडे नव्वदीत 'पीएमपीओ' (पीक म्युझिक पॉवर आउटपुट) आला, म्हणजे पीक पॉवरचा बेबंद नातू. तो कसा मोजायचा याला कसलंच बंधन नव्हतं. पुढच्या प्लास्टिकवर सोनेरी स्टिकर हजारो वॉटचा, आणि मागच्या पाटीवर बारीक अक्षरात विजेचा वापर, दोन आकडी. तिथे मात्र मागची पाटीच वाचायची.